प्राग एका दिवसात पायी, सोबत गुडघेदुखीवाल्या सासूबाई: जमतं का?

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा की मे महिन्यात व्हिएन्नाहून ट्रेनने प्रागला येताय, दोन रात्री मुक्काम, मधला एक अख्खा दिवस हातात, बरोबर बारा वर्षांची मुलगी आणि ६७ वर्षांच्या सासूबाई, त्यांचे गुडघे दुखतात आणि खाणं शुद्ध शाकाहारी, तर शहर पायी बघणं झेपेल का सरळ हॉप-ऑन बसची, म्हणजे वाटेत हवं तिथे चढा-उतरा अशा टुरिस्ट बसची, तिकिटं काढावीत.

बस नको. मी सोळा वर्षं पुण्याहून ग्रुप घेऊन युरोपात जातोय, प्रागला तीसेक वेळा तरी झालं असेल, आणि दरवर्षी कोणीतरी ती बस घेतंच आणि संध्याकाळी माझ्याकडे येऊन कुरकुर करतं. कारण साधं आहे, जुन्या गावातल्या गल्ल्या इतक्या अरुंद की बस आत शिरतच नाही, ती तुम्हाला कडेला सोडते आणि पुढे तंगडतोड करायचीच. पैसे पण गेले आणि पाय पण. त्यापेक्षा साधी ट्राम घ्या, चोवीस तासांचं एक तिकीट काढा. मुलीला आणि सासूबाईंना वयाची सवलत मिळते का ते स्टॉपवरच्या मशीनवर वाचून घ्या, पासपोर्ट जवळ ठेवा म्हणजे झालं. कागदी तिकीट असेल तर पहिल्यांदा चढताना पिवळ्या डबीत घालून शिक्का मारायचा, तो विसरलात तर तिकीट असूनही दंड होतो आणि साध्या कपड्यातले चेकर नेमके टुरिस्टांनाच गाठतात. माझ्या ग्रुपमधल्या एका काकांना असं धरलं होतं, काका मराठीत भांडले, उपयोग शून्य.

आता मुख्य गोष्ट. प्रागमध्ये दमछाक होते ती अंतराने नाही, चुकीच्या क्रमाने होते. किल्ला एका तीरावर टेकडीवर, जुनं गाव दुसऱ्या तीरावर सपाटीला, मधे व्हल्तावा नदी. बहुतेक लोक सकाळी दहाला आरामात जुन्या गावात सुरुवात करतात, भर गर्दीत चार्ल्स ब्रिज ओलांडतात आणि दुपारी उन्हात किल्ला चढायला घेतात. मी स्वतः पहिल्या वर्षी हाच गाढवपणा केला होता, ग्रुपला जुन्या पायऱ्यांनी वर चढवलं, निम्मी मंडळी मधल्या कट्ट्यावर बसली ती उठेचनात, एक आजी मला म्हणाल्या की अरे पर्वती चढायची तर पुण्यातच चढलो असतो की. तेव्हापासून माझा नेम ठरलाय, चढ ट्रामला द्यायचा आणि आपण वरून खाली यायचं.

पण थांबा, गुडघ्यांच्या बाबतीत एक मेख आहे. गुडघे दुखणाऱ्या माणसाला चढण्यापेक्षा उतरताना जास्त त्रास होतो, आणि प्रागचे रस्ते म्हणजे दगडी चौकोनी ठोकळे, मोठ्या गोलसर दगडांच्या फरसबंदीला तर तिकडचे लोक ‘मांजराची डोकी’ म्हणतात, त्यावर चाललं की का म्हणतात ते पायालाच कळतं. म्हणून उतरताना पायऱ्या अजिबात नकोत, उतरता रस्ता घ्यायचा, हातात काठी द्यायची, आणि दर दोनशे पावलांवर काहीतरी बघायच्या निमित्ताने उभं राहायचं. निमित्तं भरपूर आहेत, पुढे सांगतो. आणि गुडघ्याने फारच तक्रार केली तर किल्ल्याच्या स्टॉपवरून २२ नंबरची ट्राम तीन स्टॉपमध्ये खाली माला स्त्राना या किल्ल्याच्या पायथ्याच्या वस्तीतल्या चौकात आणून सोडते, तेव्हा अडकलो असं काही होत नाही.

दिवस सकाळी साडेसहाला सुरू करा. हो, माहितेय, सुट्टीवर आलोय वगैरे. पण मे महिन्यात तिकडे सव्वापाचच्या आसपास उजाडतं, आणि चार्ल्स ब्रिज बघायचा तर तो सकाळी सातच्या आत. दहानंतर तिथे तुम्हाला पूल दिसत नाही, पुढच्या माणसाची सॅक दिसते. पूल ५१६ मीटर लांब, दोन्ही कठड्यांवर मिळून ३० पुतळे, आणि हा १३५७ साली चौथ्या चार्ल्स राजाने बांधायला घेतला. त्याची गोष्ट सासूबाईंना नक्की सांगा, सांगतात की ज्योतिषांनी मुहूर्त काढून दिला होता, १३५७ सालच्या नवव्या दिवशी सातव्या महिन्यात पहाटे ५ वाजून ३१ मिनिटांनी, म्हणजे आकडे ओळीने लिहिले की १३५७९७५३१, उलटसुलट सारखंच. खरंखोटं देव जाणे, पण मुहूर्त बघून कामाला हात लावणारे फक्त आपणच नाही हे ऐकून माझ्या ग्रुपमधल्या प्रत्येक आजीला बरं वाटलेलं आहे. दुसरी दंतकथा अशी की चुन्यात अंडी घालायची म्हणून राजाने गावोगावहून अंडी मागवली, तर एका गावाने वाटेत फुटू नयेत म्हणून उकडून पाठवली. मुलीला ही आवडेल.

पुलावर नेपोमुकच्या योहानचा पुतळा शोधा, १६८३ चा आहे, पुलावरच्या पुतळ्यांत सगळ्यात जुना. चार्ल्सच्या मुलाने, तो राजा झाल्यावर, १३९३ मध्ये या धर्मगुरूला इथूनच नदीत फेकून मारलं. पुतळ्याखाली दोन पितळी चित्रं आहेत, लोक हात लावून लावून ती ठराविक जागी सोन्यासारखी चकचकीत झालीत. एकात कुत्रा आहे, त्याला उगाचच सगळे हात लावतात. देवळात शिरताना आपण कासवाला हात लावतो तसंच.

पूल उतरलात की पाच मिनिटांवर माला स्त्रानाचा चौक, तिथून २२ नंबर, आणि किल्ल्याच्या स्टॉपवर उतरू नका, अजून दोन स्टॉप पुढे पोहोर्झेलेत्सला उतरा. नाव म्हणता आलं नाही तरी चालेल, स्क्रीनवर येतं. तिथून स्त्राहोव्ह मठाच्या आवारातून सरळ चालत गेलात की डोंगराच्या कडेवर येता आणि अख्खं प्राग खाली पसरलेलं, लाल कौलं, शंभरेक टोकदार मनोरे. फुकट आहे, बाकडी आहेत, सकाळी आठला तिथे फारसं कोणी नसतं. हॉटेलातून आणलेला नाश्ता इथे खा. मग तिथून खाली लोरेताच्या चर्चकडे या, ताशी ठोक्याला तिथल्या घंटा एक धून वाजवतात, ती ऐकून किल्ल्याच्या दारात जायचं.

किल्ला म्हणजे आपल्या डोक्यात असतो तसा तटबुरुजांचा किल्ला नाही, जवळजवळ ७० हजार चौरस मीटरची एक वसाहत आहे ती, आत राजवाडे, चर्चं, गल्ल्या, आणि आजही देशाच्या अध्यक्षांचं ऑफिस तिथेच. दारात बॅगा तपासू शकतात, सकाळी नऊला गर्दी कमी असते, अकराला विचारू नका. आवारात फिरायला पैसे लागत नाहीत, आतल्या इमारतींना तिकीट आहे. रविवारी सकाळी कॅथीड्रल बंद असतं, प्रार्थना असते, दुपारी उघडतं, तुमचा दिवस रविवार असेल तर मला आधी सांगा, क्रम बदलावा लागेल.

सेंट व्हायटस कॅथीड्रल बघाच. १३४४ मध्ये काम सुरू झालं आणि १९२९ मध्ये संपलं, मधे युद्धं, पैसे संपले, राहून गेलं, नंतर कोणाच्या तरी मनात आलं. म्हणून मागची बाजू खरी मध्ययुगीन आणि पुढचं तोंड जवळजवळ आपल्या आजोबांच्या काळातलं. आत डाव्या हाताला मुखा नावाच्या चित्रकाराने केलेली रंगीत काच आहे, लोक तोंड वर करून तिचे फोटो काढतात, तुम्ही खाली बघा, तळाशी पैसे देणाऱ्या बँकेचं नाव आहे. देवळातल्या पंख्याच्या पात्यांवर ‘कै. अमुकतमुक यांच्या स्मरणार्थ’ असतं ना, तेच. उजवीकडे संत वेन्सेस्लासचं चॅपेल, त्याच्या मागच्या खोलीत राजमुकुट ठेवलाय, त्या दाराला सात कुलुपं आणि सात चाव्या सात वेगवेगळ्या मोठ्या पदांवरच्या लोकांकडे. सात जणांचं एकमत झाल्याशिवाय मुकुट बाहेर येत नाही.

मग जुना राजवाडा, आणि इथे मुलीला एक खिडकी दाखवा. २३ मे १६१८ ला प्रोटेस्टंट सरदारांनी बादशहाच्या दोन कॅथलिक अधिकाऱ्यांना आणि त्यांच्या कारकुनाला या मजल्याच्या खिडकीतून बाहेर फेकलं. वीसेक मीटर खाली. तिघंही वाचले. कॅथलिक म्हणाले मेरीमातेने झेललं, प्रोटेस्टंट म्हणाले खाली उकिरडा होता. पण त्या फेकाफेकीतून जे युद्ध पेटलं ते तीस वर्षं युरोपभर चाललं. ही गोष्ट मुलीने लक्षात ठेवायची आणि संध्याकाळी तिचा दुसरा भाग बघायचा, तो खाली गावात आहे. मुलांना नुसती चर्चं दाखवली की ती तिसऱ्या चर्चला फोन काढतात, अर्धी गोष्ट सांगून ठेवली की दिवसभर मागे लागतात, हा माझा अनुभव.

गोल्डन लेन नावाची एक बोळ आहे, इवलीशी रंगीत घरं, २२ नंबरमध्ये काफ्का हा लेखक काही महिने लिहायला बसायचा. गोड आहे पण गर्दी फार आणि दारं बुटकी. सासूबाईंचा उत्साह शिल्लक असेल तर जा, नाहीतर सोडून द्या, मी तरी सोडतो. दुपारी बाराला पहारा बदलतो बँडबाजासकट, तो बघायला अर्धा तास आधीपासून उभं राहावं लागतं, तेही सोडा. जे काही सोडाल ते गुडघ्यात शिल्लक राहतं.

आता उतरायचं. नेरुदोवा नावाचा रस्ता, उतार बऱ्यापैकी आहे, फूटपाथच्या कडेने भिंतीला धरून चाला. निमित्तं म्हणालो ती इथली: १७७० मध्ये घरांना नंबर द्यायला सुरुवात झाली, त्याआधी पत्ता म्हणजे दारावरचं चित्र. तीन व्हायोलिनी, लाल कोकरू, सोनेरी पेला, दोन सूर्य. आपल्याकडे ‘पिंपळाच्या पारासमोरचं घर’ म्हणायचे तसं. मुलीला चित्रं मोजायला लावा, सासूबाईंना प्रत्येक चित्रापाशी आपोआप विश्रांती. दोन सूर्यांच्या घरात यान नेरुदा हा लेखक राहायचा, रस्त्याला त्याचंच नाव.

जेवण खाली माला स्त्रानाच्या बाजूच्या गल्लीत करा, चौकात नको. शाकाहारींसाठी प्राग व्हिएन्नाइतकं सोपं नाही पण उपाशी मरत नाही माणूस. ‘स्माझेनी सीर’ म्हणजे तळलेलं चीज, बटाट्याच्या फोडींबरोबर, जवळपास प्रत्येक स्थानिक खानावळीत असतं. ‘ब्रामबोराक’ म्हणजे बटाट्याचं थालीपीठ, भरपूर लसूण, सासूबाईंना आवडेल, फक्त विचारून घ्या कारण काही ठिकाणी डुकराच्या चरबीवर भाजतात किंवा आत बेकनचे तुकडे असतात. ‘बेझ मासा’ म्हणजे मांसाशिवाय, हे दोन शब्द पाठ करा. सूप दिसायला भाजीचं असलं तरी पाणी हाडांचं असू शकतं, त्यामुळे कडक शाकाहारी माणसाने सूपच्या नादी लागू नये. दशम्या आणि लसणाची चटणी घेऊन जा, मी आजही नेतो. नळाचं पाणी पिण्याचं असतं, बाटली भरून घ्या. टॉयलेटला बहुतेक ठिकाणी नाणी लागतात, म्हणून जेवणाच्या जागी सगळ्यांनी जाऊन यायचं, गरज नसली तरी.

जेवून पुन्हा पूल ओलांडायचा मोह होईल, अजिबात नको, दुपारी तिथे मुंगीला वाट नसते. मालोस्त्रान्स्का मेट्रो स्टेशनवरून हिरव्या लाईनने एकच स्टेशन, नदीखालून, स्तारोमेस्त्स्काला बाहेर. फक्त तिथले सरकते जिने. आपल्या मॉलमधल्या जिन्यांसारखे नाहीत ते, खोल आहेत आणि चांगलेच जोरात पळतात, सासूबाईंच्या पुढे एक आणि मागे एक असं उभं राहा आणि पाय टाकताना गप्पा बंद.

स्टेशनच्या बाहेरच जुनी ज्यू वस्ती, योसेफोव्ह. शनिवारी सगळं बंद. इथे मी ग्रुपला घाई करत नाही. जुनी दफनभूमी एवढीशी, पण साधारण साडेतीनशे वर्षं शहरातल्या ज्यूंना तेवढीच जागा होती, मग एकावर एक माती टाकून थर चढवत गेले, काही ठिकाणी बारा थर आहेत म्हणतात, आणि प्रत्येक थराचे दगड वर काढून लावत गेले म्हणून सुमारे बारा हजार दगड वाकडेतिकडे एकमेकांना टेकून उभे आहेत. शेजारच्या पिंकास सिनेगॉगमध्ये भिंतींवर नुसती नावं हाताने लिहिलीत, नाझींनी मारलेल्या इथल्या ज्यूंची, सुमारे ७८ हजार नावं, आडनाव, नाव, तारखा, छतापर्यंत. वरच्या मजल्यावर तेरेझिनच्या छळछावणीत ठेवलेल्या मुलांनी काढलेली चित्रं आहेत, घर, फुलपाखरं, ट्रेन. बारा वर्षांच्या मुलीला न्यायचं का हे तुम्ही ठरवा, मी माझ्या मुलीला त्याच वयात नेलं होतं, ती बाहेर येऊन बराच वेळ काही बोलली नाही, रात्री झोपताना विचारलं की ती चित्रं काढणारी मुलं परत आली का.

तिथून दहा मिनिटं चालत जुन्या गावाचा मोठा चौक. पाचच्या ठोक्याच्या बेताने पोचा, कारण घड्याळ. १४१० सालचं हे खगोलीय घड्याळ, तासाला वरच्या खिडक्यांतून बारा शिष्य फिरतात, सांगाडा दोरी ओढून घंटा वाजवतो, शेवटी कोंबडा आरवतो. जेमतेम मिनिटभराचा खेळ, आणि जमलेली माणसं ‘बास, एवढंच?’ म्हणत पांगतात. त्यांचं चुकतं, कारण ते बाहुल्या बघतात, तबकडी बघत नाहीत. सासूबाई पंचांग बघत असतील तर त्यांना तबकडीसमोर उभं करा, हे चक्क चालतं पंचांग आहे. आतल्या सरकत्या चक्रावर बारा राशी, सूर्य कोणत्या राशीत ते दिसतं, चंद्र काळापांढरा गोळा फिरवून कला दाखवतो. फक्त त्यांची रास आपल्या पंचांगाशी जुळणार नाही, कारण तिकडे सायन पद्धत, सूर्य मार्चच्या २१ च्या सुमारास मेषेत जातो आणि आपल्याकडे एप्रिलच्या मध्यात. बाहेरच्या कड्यावरचे सोनेरी आकडे जुने बोहेमियन तास दाखवतात, ते सूर्यास्तापासून मोजायचे, आपण घटका सूर्योदयापासून मोजायचो. आणि हो, असं दुसरं घड्याळ बनवू नये म्हणून कारागीर हनुशचे डोळे फोडले अशी गोष्ट गाईड सांगेल. ती ताजमहालच्या कारागिरांचे हात तोडले या गोष्टीची सख्खी बहीण, दोन्ही खोट्या. घड्याळ बनवलं ते कादानच्या मिकुलाशने आणि गणित होतं यान शिंदेलचं. घड्याळ बघताना सगळ्यांच्या माना वर असतात, नेमकं तेव्हाच खिसे कापले जातात, पर्स पोटाशी.

आता मुलीची राहिलेली अर्धी गोष्ट. घड्याळाच्या इमारतीच्या बाजूला फरशीत पांढऱ्या २७ फुल्या आहेत, लोक त्यावरून चालत जातात, बघत नाहीत. खिडकीतून फेकाफेकी करणाऱ्या पक्षाचा १६२० मध्ये पराभव झाला आणि २१ जून १६२१ ला याच चौकात २७ पुढाऱ्यांना मारलं. एकेक फुली एकेका माणसाची. तिला मोजू दे.

चौकात खाण्याच्या टपऱ्या आहेत, लाकडाच्या निखाऱ्यावर मांस भाजतात, किंमत १०० ग्रॅमची लिहिलेली असते आणि कापून देतात अर्धा किलो, तुम्हाला तो प्रश्नच नाही म्हणा. ‘त्रदेल्निक’ ही साखर लावलेली गोल पोकळ भाकरी प्राचीन प्राग म्हणून विकतात, खरं तर गेल्या काही वर्षांतलं टुरिस्ट प्रकरण आहे, पण मुलीला दालचिनीचा वास आला की घ्यावीच लागेल, घ्या. पैसे बदलताना मात्र जपा, तिथे कोरुना चालतात, ‘० टक्के कमिशन’ची पाटी असली तरी भाव बेकार असतो, आणि रस्त्यात कोणी चांगला भाव देतो म्हणून आला तर त्याच्या हातात दुसऱ्याच देशाच्या नोटा असतात. पैसे बदलायच्या दुकानात फसलात तर २०१९ पासून कायदा आहे, पावती घेऊन तीन तासांत परत गेलात तर १००० युरोपर्यंतचा व्यवहार रद्द करावाच लागतो. बँकेच्या एटीएममधून काढलेत तर रुपयात हिशेब करू का असं मशीन विचारेल, नाही म्हणा.

संध्याकाळी जोर उरला तर पावडर टॉवरवरून वेन्सेस्लास चौकात, चौक कसला, पाऊण किलोमीटरचा रुंद रस्ता आहे. १९८९ च्या नोव्हेंबरमध्ये इथे लाखोंनी माणसं जमली आणि खिशातल्या किल्ल्या काढून खुळखुळवल्या, सरकारला घरी जा सांगायला, आणि सरकार खरंच गेलं. इथपर्यंत तुमचं दिवसभरातलं चालणं सात-आठ किलोमीटर झालं असेल, थांबत थांबत. सूर्यास्त साडेआठनंतर, त्यामुळे अंधाराची घाई नाही.

सासूबाईंसाठी नवे कोरे बूट आणू नका, निदान महिनाभर पायात मुरलेले पाहिजेत, आणि साडी नेसत असतील तर घोट्याच्या वर, त्या दगडांत काठ अडकतो. वाटेत काही तुटलंफाटलंच तर वेन्सेस्लास चौकात खालच्या टोकाला बाटाची १९२९ ची काचेची इमारत आहे, हो, आपली शाळेच्या बुटांची बाटा, ती मुळात याच देशातली.